विनामूल्य संकेतस्थळे आणि जाहिरातीचा आश्रय

१

मराठी वाङ्मयव्यवहाराचा विचार करताना आपण लेखक, संपादक, प्रकाशक आणि वाचक या चार घटकांची चर्चा करतो. जाहिरातदार हा पाचवा घटक मात्र आपल्या विवेचनात सहसा डोकावत नाही. तो वाङ्मयबाह्य आहे, अशी आपली समजूत असते. वास्तविक एखाद्या नियतकालिकाचा कागद आणि छपाई यांचा खर्च कोणी भागविला, या प्रश्नाचे उत्तर त्या नियतकालिकाच्या स्वरूपावर, त्याच्या धाडसावर आणि त्याच्या मर्यादांवरही पुष्कळ प्रकाश टाकू शकते. आज हा प्रश्न नव्या रूपात आपल्यापुढे उभा आहे. मराठी वाचनाचा फार मोठा भाग आता विनामूल्य संकेतस्थळांवर होतो. वाचक दमडीही मोजत नाही, लेखकाला बहुधा मानधन मिळत नाही, आणि संकेतस्थळ चालविणाऱ्याने उत्पन्नासाठी जाहिरातीकडे पाहावे असा रिवाज रूढ झाला आहे. हा रिवाज मराठी लेखनाला कितपत मानवणारा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जाहिरात म्हटली की साहित्य बाटले, अशी सोवळी भूमिका येथे घ्यावयाची नाही. दरमहा निश्चित वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाने इतरांना निःस्वार्थ लेखनाचा उपदेश करणे शोभणारे नाही. प्रश्न जाहिरात असावी की नसावी हा नसून, जाहिरातदाराला नेमके काय विकले जाते, हा आहे.

२

मराठी नियतकालिकांचा इतिहास जाहिरातीच्या विरोधात साक्ष देत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एका संस्थेचा पाया घातला. दिवाळी अंक ही संस्था पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली, याचे श्रेय लेखक-वाचकांना आहेच. पण सणाच्या खरेदीच्या दिवसांत व्यापारी आणि उद्योजक जाहिरातीसाठी पैसा बाजूला काढतात, ही साधी व्यावहारिक गोष्टही त्यामागे आहे. अंकाची किंमत खर्चापेक्षा कमी ठेवता आली, ती या पैशामुळे.

याहून बोलके उदाहरण ‘किर्लोस्कर’चे आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, तेव्हा कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणे हा तिचा उघड हेतू होता. म्हणजे हे नियतकालिक जन्मतःच जाहिरात होते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. विज्ञाननिष्ठा, स्त्रीशिक्षण, रूढींची चिकित्सा या विषयांवर मराठी मध्यमवर्गाला विचार करावयास लावणाऱ्या मासिकांत त्यांची गणना होते. नांगराच्या जाहिरातीतून सुधारणेचे व्यासपीठ उभे राहू शकते, हे मराठीने पाहिले आहे.

याउलट जाहिरात कटाक्षाने नाकारणारी परंपराही आपल्याकडे आहे. गांधीजींचे ‘हरिजन’ १९३३ मध्ये पुण्यातून निघू लागले ते जाहिरातीविनाच. १९५०-६०च्या दशकांतील लघुनियतकालिकांनी तर प्रस्थापित मासिकांबरोबरच त्यांच्यामागचा सारा व्यापारी व्यवहार नाकारला. मात्र या चळवळीतील एक प्रमुख कवी अरुण कोलटकर यांचा चरितार्थ जाहिरातीच्या व्यवसायावरच चालत होता. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. पोटासाठी जाहिरात आणि कवितेसाठी जाहिरातमुक्त पान, असा तो स्वच्छ विभाग होता. आपल्या प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने हा विभाग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

३

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य ज्या आकुर्डीत आहे, त्या गावाची ओळखच मुळी कारखाना आणि जाहिरात यांनी घडविली. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६०च्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली आणि आकुर्डीला बजाज ऑटोच्या स्कूटरचा कारखाना उभा राहिला. १९८९च्या ‘हमारा बजाज’ या जाहिरातीने एका स्कूटरला देशभरातील मध्यमवर्गाच्या घरात भावनिक स्थान मिळवून दिले. २००७ मध्ये येथील वाहननिर्मिती थांबली आणि २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या चेतकसाठी त्याच आकुर्डीत नवा कारखाना सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहान उद्योगांचे जाळे आहे: कोठे लेथ आणि मिलिंग, कोठे प्रेसचे काम, कोठे डाय-मोल्ड, कोठे रंगकाम.

या परिसरात निघणारे दिवाळी अंक, नाट्यस्पर्धांच्या आणि कामगार साहित्य मेळाव्यांच्या स्मरणिका, गणेश मंडळांचे अहवाल यांचा आर्थिक आधार हे लहान उद्योजकच राहिले आहेत. संपादक किंवा कार्यकर्ता वर्कशॉपच्या दारात जाऊन उभा राहतो, मालक आधी कुरकुरतो, मग पाव पान किंवा अर्धे पान देतो. ‘हार्दिक शुभेच्छा’ एवढाच मजकूर आणि खाली नाव-पत्ता. या जाहिरातीने त्याच्या मालाचा खप वाढत नाही. एखाद्या मोटार कंपनीला बुशिंग पुरविणाऱ्या माणसाला कवितेच्या वाचकाकडून कोणती ऑर्डर मिळणार? तरीही तो पैसे देतो. आपल्या भागात असे काही निघते, त्यात आपलेही नाव असावे, या भावनेपोटी तो देतो. व्यापारी भाषेत ही जाहिरात असली, तरी वाङ्मयव्यवहाराच्या भाषेत तिला आश्रयच म्हटले पाहिजे.

या आश्रयाची तीन लक्षणे सांगता येतील. तो दृश्य असतो: कोणी किती जागा घेतली, हे प्रत्येक वाचकाला दिसते. तो मर्यादित असतो: जाहिरात आपल्या चौकटीत राहते, शेजारच्या कथेची लांबी ठरवीत नाही. आणि तो ओळखीवर चालतो. या तिसऱ्या लक्षणात जसे बळ आहे तसा दोषही आहे. त्याचा विचार पुढे येईल.

४

आता संकेतस्थळावरील जाहिरातीकडे वळू. गुगलने ‘ॲडसेन्स’ ही योजना २००३ मध्ये सुरू केली. त्यापूर्वी १९९६ मध्ये ‘मायबोली’ हे संकेतस्थळ परदेशस्थ मराठी माणसाच्या पुढाकाराने सुरू झाले होते आणि २००३ मध्येच मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. परंतु भारतीय भाषांतील मजकुराला या योजनेची अधिकृत दारे उशिराच उघडली. हिंदीला २०१४च्या अखेरीस आणि मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. तेव्हापासून मराठी संकेतस्थळ काढून घरबसल्या उत्पन्न मिळविता येईल, ही आशा महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचली. ‘मराठी विषय घेऊन पुढे काय करणार?’ या प्रश्नाला एक उत्तर सापडल्यासारखे वाटले. ही आशा थट्टेचा विषय नव्हे.

या योजनेची रीत समजून घेतली पाहिजे. संकेतस्थळाचा चालक अर्ज करतो. कंपनी स्थळाची तपासणी करते आणि ते नापसंत पडल्यास, त्यातील आशय अल्पमूल्य आहे, अशा अर्थाचा शेरा देऊन अर्ज परत करते. समीक्षेत आयुष्य घालविलेल्यांनी हा शेरा अवश्य अभ्यासावा. मूल्यमापनाचे निकष इतक्या आत्मविश्वासाने आणि इतक्या कमी स्पष्टीकरणासह क्वचितच वापरले गेले असतील. अर्ज मंजूर झाल्यास जाहिरातीची जागा त्या पानात बसविली जाते. वाचक पान उघडतो आणि ते पडद्यावर पुरते उमटण्याच्या आत त्या जागेचा लिलाव होतो. या लिलावात बोली लागते ती मुख्यतः वाचकावर: तो कोठे राहतो, त्याने आधी काय शोधले, काय विकत घेण्याचा त्याचा विचार दिसतो. म्हणूनच एकच कविता वाचणाऱ्या दोन वाचकांना दोन निराळ्या जाहिराती दिसतात. जाहिरातदाराच्या पैशातून सुमारे ६८ टक्के वाटा चालकाकडे येतो. खात्यात दहा डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने एक क्रमांक घरी येतो आणि शंभर डॉलर जमल्याखेरीज रक्कम हाती पडत नाही.

अर्धे पान घेणारा वर्कशॉपचा मालक आणि लिलावात बोली लावणारा जाहिरातदार यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पहिला नियतकालिकाचे पान विकत घेतो. दुसरा वाचकाची नजर विकत घेतो. ती नजर कोणत्या पानावर पडली आहे, हे त्याच्या दृष्टीने गौण असते, आणि पुष्कळदा आपली जाहिरात कोणत्या कथेशेजारी उभी आहे, हे त्याला ठाऊकही नसते. पहिल्या व्यवहारात नियतकालिकाची प्रतिष्ठा हे मूल्य होते. दुसऱ्यात गणना हे एकमेव मूल्य उरते.

आणखी एक भेद लक्षणीय आहे. ॲडसेन्सच्या नियमांनुसार चालकाने स्वतः जाहिरातीवर टिचकी मारणे किंवा स्नेह्यांना तसे करावयास सांगणे हा गैरप्रकार ठरतो आणि त्यासाठी खाते बंद होऊ शकते. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम योग्यच आहे. पण त्याचा सांस्कृतिक अर्थ असा की, ज्या ओळखीच्या आणि आपुलकीच्या बळावर मराठी दिवाळी अंक उभे राहिले, तीच आपुलकी या व्यवस्थेत संशयास्पद ठरते.

५

या व्यवहाराचा लेखनावर काय परिणाम होतो? उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, एका हजार पानदर्शनांमागे एक डॉलर मिळतो. एखाद्या कादंबरीवरील साक्षेपी परीक्षण वर्षभरात पाचशे वाचकांनी वाचले, तर मराठी समीक्षेच्या मानाने तो उत्तम प्रतिसाद होय. त्याचे उत्पन्न अर्धा डॉलर. शंभर डॉलरची मर्यादा गाठण्यासाठी अशी दोनशे परीक्षणे लागतील. हे परीक्षण एका वाचकाने दोन तास टिपणे काढीत वाचले आणि दुसऱ्याने दहा सेकंदांत मिटले, तरी मोजणीत दोघेही एकेकच. सावकाश वाचणारा वाचक या व्यवस्थेत तोट्याचा ठरतो.

मग लाभाचे काय ठरते? जे शोधयंत्रावर रोज हजारो लोक शोधतात ते: वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाळाची नावे, उखाणे, सुविचार, राशिभविष्य आणि शालेय निबंध. यांतील निबंधाचे उदाहरण मराठीच्या अध्यापकाला विशेष जवळचे आहे. ‘माझी आई’, ‘माझा आवडता ऋतू’, ‘मी पाहिलेली जत्रा’ यांवरील तयार निबंध पुरविणारी संकेतस्थळे उदंड आहेत. त्यांच्या लेखनाची एक ठरावीक घडण दिसते. ‘या लेखात आपण अमुक पाहणार आहोत’ अशी सुरुवात. शोधला जाणारा शब्दसमूह प्रत्येक परिच्छेदात पुन्हा. एकच आशय दहा ओळींत, मग वीस ओळींत, मग पाचशे शब्दांत. आणि मधूनमधून जाहिरातीसाठी सोडलेल्या जागा. ही पुनरुक्ती लेखकाच्या अडाणीपणातून आलेली नाही. शोधयंत्राने पान वर दाखवावे आणि वाचकाने खालपर्यंत सरकत जावे, या गरजेतून ती जन्मली आहे. म्हणजे येथे जाहिरात चौकटीत राहिलेली नाही. ती परिच्छेदाची लांबी, शब्दांची निवड आणि वाक्यांचा क्रम ठरवू लागली आहे. कीर्तनातील पुनरुक्ती श्रोत्यासाठी असते. ही पुनरुक्ती यंत्रासाठी आहे. शाळेतील मुलाने ती पाठ केली की हीच मराठी गद्याची रीत, असा संस्कार त्याच्यावर होतो. महाविद्यालयातील उत्तरपत्रिकांत त्याचे प्रत्यंतर येते.

दुसरा परिणाम आशयावर होतो. जाहिरातदारांना नकोशा वाटणाऱ्या मजकुराबद्दल या योजनेचे निर्बंध आहेत: शिवराळ भाषा, लैंगिक वर्णने, धक्का देणारा तपशील. व्यापारी दृष्टीने ते समजण्यासारखे आहेत. परंतु १९७२च्या ‘गोलपिठा’ची भाषा किंवा त्याच वर्षी वादात सापडलेल्या ‘सखाराम बाइंडर’मधील संवाद या चाळणीतून कितपत निभावतील? कोणी बंदी घालणार नाही. फक्त त्या पानावर उत्पन्न मिळणार नाही. उत्पन्नावर अवलंबून असलेला चालक मग असे पान टाकण्याआधीच विचार करील. १९७२ मध्ये निर्मात्यांना न्यायालयात दाद मागता आली, कारण हरकत घेणारे मंडळ समोर होते. येथे समोर कोणीच नसते.

या उत्पन्नाचा पायाही डळमळीत आहे. २०२४ पासून शोधयंत्र पुष्कळ प्रश्नांचे उत्तर स्वतःच सारांशरूपाने देऊ लागले आहे. उखाणा किंवा निबंध तेथेच मिळाला, तर वाचक संकेतस्थळापर्यंत येईलच कशाला? ज्यांनी गणनेवर विसंबून आपले लेखन घडविले, त्यांची गणनाच दुसऱ्याच्या मर्जीवर आहे.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जुन्या आश्रयाचे हे गुणगान सोयीस्कर नाही काय? ओळखीवर चालणारा आश्रय ज्याची ओळख नाही त्याला दारातच अडवितो. या आक्षेपाला मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ठळक आधार आहे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, ही हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मधून नोंदविली. राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ला प्रारंभी आधार मिळाला, पण व्यापारी जाहिरातींचे पाठबळ अशा पत्रांना कधी लाभले नाही. जाहिरातीचा स्तंभ हाही जातीच्या उंबरठ्याआड होता. त्या तुलनेत यंत्राचा लिलाव लेखकाचे आडनाव विचारीत नाही. आकुर्डीच्या चाळीतील मुलगा आणि डेक्कनवरील संपादक दोघांनाही एकच अर्ज भरावा लागतो.

हा युक्तिवाद खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. किंबहुना जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी, असे म्हणण्याचा मार्ग तो बंद करतो. पण यंत्र आडनाव विचारीत नाही, याचा अर्थ ते तटस्थ आहे असा नव्हे. बोली वाचकाच्या खरेदीच्या ऐपतीवर लागते. महागडी वस्तू घेऊ शकणाऱ्या वाचकाची नजर महाग आणि कंत्राटी कामगाराची स्वस्त. ज्या लेखनाचा वाचक गरीब आहे, त्या लेखनाला या व्यवस्थेतही कमी मोल मिळते. फरक एवढाच की नकार देणारा दिसत नाही.

७

तेव्हा करावे काय? प्रथम, सर्व संकेतस्थळांना एकच न्याय लावू नये. आयटीआयच्या विद्यार्थ्याला व्हर्नियर कॅलिपर वाचावयाचा कसा, सातबाऱ्यावरील नोंद समजून घ्यावयाची कशी, हे मराठीत नीट समजावून सांगणारे संकेतस्थळ लिलावाच्या जाहिरातीवर चालले, तर त्यात वावगे काही नाही. तेथे वाचकाची गरज तातडीची असते, वाचन त्रोटक असते आणि वाचकसंख्या मोठी असू शकते. ज्ञानभाषा म्हणून मराठीची ती सेवाच आहे. मराठीच्या पदवीधराने यातून चरितार्थ चालविला, तर त्याचे स्वागत करावे.

परंतु कथा, कविता, समीक्षा, दीर्घ वैचारिक लेखन यांची विनामूल्य संकेतस्थळे या लिलावापासून दूर ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना पैसा लागतोच. पण संकेतस्थळाचे नाव आणि जागा यांचा वार्षिक खर्च एका छापील अंकाच्या खर्चापुढे किरकोळ असतो. मोठा खर्च संपादन, मुद्रितशोधन आणि मानधन यांचा. त्यासाठी दिवाळी अंकाचाच आश्रय, त्यातील दोष काढून, नव्या माध्यमात आणता येईल. वर्षाला ठरावीक संख्येने पुरस्कर्ते घ्यावेत. प्रत्येकाचे नाव ठरलेल्या जागी, सर्व वाचकांना सारखेच दिसावे. वाचकाचा माग काढणारी कोणतीही यंत्रणा पानात नसावी. जागेचा दर आणि जाहिरात स्वीकारण्याचे नियम संकेतस्थळावर जाहीर करावेत, म्हणजे दर देणाऱ्या कोणालाही संपादकाच्या ओळखीवाचून तेथे स्थान मिळेल. ‘मूकनायक’च्या वाट्याला आलेला नकार पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, याची ती किमान हमी होय. एका पुरस्कर्त्याचा वाटा एकूण उत्पन्नाच्या चौथाईपेक्षा अधिक नसावा. याच्या जोडीला ऐच्छिक वाचकवर्गणी असावी. विकिपीडियासारखा जगड्व्याळ प्रकल्प जाहिरातीविना, देणग्यांवर चालतो, हे उदाहरण आपल्यासमोर आहेच.

या सूचनेमागे अभ्यासकाचाही एक स्वार्थ आहे. जुन्या मासिकांचे खंड बांधताना जाहिरातीची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. त्यामुळे एखाद्या मासिकामागे कोण उभे होते, हे शोधताना संशोधकाला सुटे अंक हुडकावे लागतात. पण ते निदान सापडतात. लिलावातील जाहिरात प्रत्येक वाचकापुरती, त्या क्षणापुरती उमटते आणि नाहीशी होते. आणखी पन्नास वर्षांनी आजच्या मराठी संकेतस्थळांचा इतिहास कोणी लिहू लागला, तर या लेखनाचा खर्च कोणी भागविला, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोठेही मिळणार नाही. पुरस्कर्त्यांची नावे पानावर उघड छापली, आणि प्रत्येक वर्षाची यादी संकेतस्थळाच्या संग्रहात जपून ठेवली, तर ते मिळेल. संपादकांनी हे काम आजच सुरू करावे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.